काचेवरचा हात

या जगात माणसाने बनवलेल्या प्रत्येक वस्तूची खरी परीक्षा एकच: वेळ आली की ती फुटते की नाही. हे वाक्य मी त्या दिवशी सकाळी दाढी करताना तयार केलं, आरशाला एकदा ऐकवलं, कुठे पोकळ तर राहिलं नाही ना हे ठोकून पाहिलं आणि तोंड पुसून स्वयंपाकघरात जाऊन विनताला सांगितलं. विनता माझी बायको. तिने गॅस बारीक केला आणि विचारलं, "कुकरबद्दल बोलून राहिले का?" मी म्हटलं, एकंदर मानवी निर्मितीबद्दल बोलतोय. ती म्हणाली, "अच्छा." मग चहाचा कप माझ्यासमोर ठेवून, दूधवाला आला नाही हे ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात म्हणाली, "तुम्ही पोरीचा खेळ नापास केला."

मी घोट घेतला. चहा चांगला होता. वाईट बातमीसोबतचा चहा विनता जरा जास्त मन लावून करते, आल्याचा तुकडाही मोठा घालते, त्यामुळे आमच्या घरी निम्मी बातमी जिभेलाच कळते. उरलेली निम्मी त्या दिवशी कानांतून न येता पोटऱ्यांतून आली. नोकरीत असताना तोफांच्या रेंजवर असंच व्हायचं. तोफ उडाली की धक्का आधी जमिनीतून पोटऱ्यांत शिरायचा आणि मग आवाज. पोरगी म्हणजे मैत्रेयी, आमची एकुलती. बंगळुरूला राहते, आणि चांगली नोकरी सोडून दोन वर्षांपासून चिन्मयी नावाच्या मैत्रिणीबरोबर संगणकावरचा एक खेळ बनवत होती. एवढं मला माहीत होतं. खेळ कसला, नाव काय, तयार कधी होणार, हे मी विचारलं नव्हतं, कारण माल तयार होण्याआधी कारखान्यात डोकावणाऱ्या इन्स्पेक्टरला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. आता ती सांगत होती की तो तयार झाला, दुकानात आला, माझ्या हातून गेला आणि मी त्याला लाल शिक्का मारला. मी दुसरा घोट घेतला. आलं खरोखरच जास्त होतं.

नापास करणं हे माझं आयुष्यभराचं काम. जबलपूरच्या फॅक्टरीत मी तपासणीला होतो, आणि तपासायचे ते तोफगोळे. गोळा चांगला की वाईट हे टेबलावर कळत नाही. माप घ्या, वजन घ्या, पितळेवर नख फिरवा, सगळं बरोबर निघेल, आणि तरी शेवटी प्रत्येक लॉटमधले काही गोळे रेंजवर नेऊन उडवून पाहावेच लागतात. जे उडाले ते उत्तम होते असं सिद्ध होतं, आणि सिद्ध झाल्यावर ते उरत नाहीत. त्यांच्या भावंडांना प्रमाणपत्र मिळतं. नोकरीच्या सुरुवातीला या गोष्टीचं मला वाईट वाटायचं. पुढे प्रमोशन झालं. निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली, कारण हाताला सवय होती आणि समोर काही येत नव्हतं. मी भाजीवर उतरलो. पनागरहून मटार घेऊन येणाऱ्या बाईच्या टोपलीतल्या शेंगा मी लॉटप्रमाणे तपासू लागलो; मूठभर काढायच्या, सोलायच्या, एक जरी किडकी निघाली तरी टोपली परत. ती बाई आमच्या दारावरून मुकाट जाऊ लागली. विनताने तेव्हा बंगळुरूला फोन करून काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण दिवाळीला आलेली मैत्रेयी परत जाताना आपला जुना संगणक माझ्या टेबलावर मांडून गेली आणि म्हणाली, बाबा, इथे रोज नवीन माल येतो, बसा तपासत.

तिने दाखवलेलं ते दुकान मी अजून नीट समजून घेऊन राहिलोय. त्याला शटर नाही, गल्ला नाही, शिळोप्याला बसलेला दुकानदाराचा मेव्हणा नाही. जगभरातली माणसं आपापल्या खोलीत बसून खेळ बनवतात आणि त्या दुकानाच्या फळीवर आणून ठेवतात. फळीचं नाव 'नवीन आलेले'. सकाळी मी चष्मा पुसून बसेपर्यंत तिथे माल येऊन पडलेला असतो: किल्ले, ड्रॅगन, शेतं, अंतराळयानं, स्वयंपाक करणारी अस्वलं. खेळून झालं की खाली मत लिहायचं आणि सोबत अंगठा दाखवायचा, वर किंवा खाली. मी फॅक्टरीत लिहायचो तसंच लिहू लागलो, त्याच इंग्रजीत, कारण दुसरी इंग्रजी मला येत नाही. 'निरीक्षण: शिपाई भिंतीतून आरपार जातो. कारण नमूद केलेले नाही.' 'निरीक्षण: घोडा जिना चढतो. उतरताना आढळला नाही.' 'सबब लॉट परत.' लोकांना आपलं मत उपयुक्त वाटलं की विनोदी, याची नोंद करणारी बटणं असतात तिथे, आणि माझ्या मतांखाली सगळे विनोदीचं बटण दाबू लागले. आधी मला राग आला. मी घोड्याबद्दल गंभीर होतो. मग ब्राझीलमधल्या कोणीतरी लिहिलं की आजारी आईजवळ बसून तो रोज सकाळी माझे अहवाल तिला वाचून दाखवतो आणि ती हसते. त्यानंतर मी रागवायचं बंद केलं. नोकरीत मी इतके अहवाल लिहिले, ते वाचून कोणाचीही आई हसल्याचं कळलं नव्हतं. हळूहळू खेळ बनवणारेच मला आपली प्रत पाठवू लागले, तपासा म्हणून. त्यांत काही माझ्यासारखे म्हातारे असतील, काही शाळकरी असतील. मला नावं दिसायची ती अशी: 'निळा कावळा', 'सात चमचे', 'मधली खोली'. खुणेची नावं. ते मला फार पसंत पडलं. नमुन्यावर बनवणाऱ्याचं नाव नसावं हा आमचा पहिला नियम. रेंजवर येणाऱ्या गोळ्यावर फक्त खूण असायची. कोणाच्या शिफ्टचा, कोणत्या फोरमनचा, हे कळलं की डोळा बिघडतो. मैत्रेयी लहान होती तेव्हापासून हा नियम मी तिला जेवताना सांगत आलोय. ती वरणभात चिवडत ऐकायची. ऐकत नसावी असं मला वाटायचं.

"मधली खोली म्हणजे तीच," विनता म्हणाली. ती मेथी निवडायला बसली होती. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं होतं. म्हणे, नाव पाहून बाबांनी पास केलं तर काय इज्जत राहिली."

मेथीचा वास आला आणि मी कप खाली ठेवला. मला सत्कार आवडत नाहीत. निवृत्तीच्या वेळी दिलेलं घड्याळ मी अजून डब्यातून काढलेलं नाही. पण माझ्या मुलीने, दोन वर्षं खपून बनवलेली वस्तू, माझा नियम पाळून, नाव झाकून, इतरांसारखीच माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. एवढा मोठा मान मला कोणी दिला नव्हता. आणि त्या मानाचं मी काय केलं, तर तीन निरीक्षणं लिहून लॉट परत पाठवला. ते मत पहिलंच पडलं असल्यामुळे खेळाच्या पानावर सगळ्यांत वर बसलं, ब्राझीलपासून सगळ्यांनी ते वाचलं, आणि या वेळी लोकांनी विनोदीबरोबर उपयुक्तचंही बटण दाबलं. दुकानाची रीत अशी की पहिल्या आठवड्यात जे काय व्हायचं ते होतं. लोकांनी बरं म्हटलं तर फळीवर पुढे, नाहीतर नव्या मालाखाली दबत दबत खेळ अशा जागी जातो जिथे बनवणाऱ्यालाही तो शोधावा लागतो. विनताने एवढंच सांगितलं की पोरींनी या आठवड्यावर सगळं लावलंय, आणि मैत्रेयी काल फोनवर रडली नाही. रडली नाही हे तिने दोनदा सांगितलं.

त्या खेळात एक खोली आहे. चौकोनी, निळसर भिंतींची, फरशीवर उन्हाचा तुकडा. भिंतीला एक शोकेस, काचेच्या सरकत्या दारांची, आत कप, बाहुल्या, कसलेतरी प्राणी. मला ते घर पोर्तुगालमधलं वाटलं होतं. का वाटलं ते सांगता येणार नाही; मी पोर्तुगाल पाहिलेलं नाही. आपल्याला दिलेला असतो फक्त एक हात, बाईचा, बांगडी असलेला. मधूनमधून लांबून धम्म असा आवाज येतो आणि खोलीतल्या वस्तू थरथरतात. हात नेऊन ज्या वस्तूवर तळवा ठेवावा ती शांत होते. पहिल्या टप्प्यात एकच कप. दुसऱ्यात कप, आरसा, खिडकी, शोकेस, सगळंच एकदम. हात पुरत नाही, आणि पुरत नाही याचीच गंमत आहे असं मला खेळताना वाटलंही होतं. पण इन्स्पेक्टरने गंमत वाटल्याची नोंद करायची नसते. मी लिहिलं: 'निरीक्षण एक: शोकेसमधील डुक्कर ओबडधोबड आहे. निरीक्षण दोन: काच आधी वाजते आणि स्फोटाचा आवाज नंतर येतो. क्रम उलटा. निरीक्षण तीन: तिसऱ्या टप्प्यात खेळ बंद पडतो. आवाज येत नाही, वस्तू हलत नाहीत, काहीही केले तरी काहीही होत नाही. बराच वेळ वाट पाहून संगणक बंद करावा लागला. सबब.'

"ते डुक्कर नाही," विनता म्हणाली, "आपला हत्ती आहे. सोंड तुटलेला. पोरीला तो तसाच आठवते."

आणि मग ती खोली पोर्तुगालमधून निघाली आणि फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये येऊन बसली. निळसर भिंती म्हणजे सरकारी चुना आणि त्यात विनताने हट्टाने घालायला लावलेली नीळ. शोकेस म्हणजे आमच्या रांगेतल्या प्रत्येक घरात होती तशी शोकेस, आणि प्रत्येक शोकेसमध्ये असायचा तसा भेडाघाटच्या दगडाचा पांढरा हत्ती. आमचा संक्रांतीच्या मेळ्यात तिलवाऱ्याला घेतलेला, मैत्रेयी तेव्हा कडेवर होती आणि तिच्या मुठीतला तिळाचा लाडू माझ्या कॉलरला चिकटला होता. मी त्या घरात राहिलो, त्या शोकेससमोर बसून जेवलो, हत्ती रोज पाहिला, आणि तरी मला खोली ओळखू आली नाही, याचं मला सकाळभर नवल वाटत राहिलं. चष्मा पुसून पाहिला. मग हळूहळू उमगलं की फरशीवरचा तो उन्हाचा तुकडा मला नवा होता. तो सकाळी अकराचा होता. सकाळी अकरा वाजता मी माझ्या घरात कधीच नव्हतो. त्या वेळी मी घरापासून लांब, मातीच्या बांधाआड, कानात कापूस घालून उभा असायचो आणि हात वर करून इशारा द्यायचो, आणि मग जे व्हायचं ते माझ्यापुरतं तिथेच संपायचं. धूर विरला, नोंद झाली, पुढचा गोळा. आवाज पुढे कुठे जातो याची चौकशी करणं माझ्या कामात मोडत नव्हतं. तो शेतांवरून, रेल्वेच्या रुळांवरून, क्वार्टरच्या कौलांवरून जायचा आणि माझ्याच घरातल्या कपांना हलवायचा. त्याच्या आधी जमिनीतून धक्का पोचायचा, म्हणून काच आधी वाजायची. म्हणजे क्रम बरोबर होता. माझ्या पोटऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मी दोष म्हणून लिहिली होती.

मी विनताला विचारलं, तू खरंच असा तळवा ठेवायचीस? ती म्हणाली, मग काय करणार, कप सासूबाईंच्या माहेरचे होते. आधी कपांसाठी ठेवायची. पुढे सवयीने. पोरगीही ठेवायची, तिचा हात खालच्या काचेपर्यंत पोचायचा. आवाज झाला की मैत्रेयी म्हणायची, बाबा. ती बोलायला लागल्यावर तिच्या पहिल्या शब्दांत हा शब्द होता हे मला माहीत होतं, आणि मी तो माझ्याकडे पाहून म्हटला गेल्याचं गृहीत धरून बऱ्याच लोकांना सांगितलंही होतं. तो तोफेला उद्देशून होता.

हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट आतून काहीतरी सैल झालं. मला नेहमी वाटत आलं की मी सकाळी स्कूटरवर घरातून जातो आणि संध्याकाळी परत येतो, मधला दिवस घराच्या हिशेबात नाही. आणि इथे या दोघी दिवसभर मला ऐकत होत्या. दर थोड्या वेळाने मी त्यांच्या काचेवर टकटक करत होतो, न विचारता, न कळता, सरकारी खर्चाने.

तिसऱ्या टप्प्याचं मात्र मला अजून पटत नव्हतं. मी म्हटलं, बाकीचं मान्य, पण खेळ बंद पडतो तो पडतोच. मी स्वतः पाहिलंय. विनताने मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. "बंद नाही पडत. तसंच आहे ते. त्या दिवशी आवाजच नव्हता ना आला."

कोणत्या दिवशी, हे मी विचारलं आणि विचारता विचारताच मला बिहीचा वास आला. जबलपूरची हिवाळी बिही, म्हणजे पेरू, आत गुलाबी, मीठ लावलेला. चौबेजींनी आपल्या झाडाची पिशवीभर आणली होती. चौबेजी माझे रेंजवरचे सोबती. सकाळचा दुसरा की तिसरा गोळा उडालाच नाही. इशारा दिला, चाप ओढला, आणि काही नाही. न उडालेल्या गोळ्याचा नियम कडक असतो: कोणी जवळ जायचं नाही, कोणी हलायचं नाही, वाट पाहायची. तो उशिरा उडू शकतो. आतल्या आत विचार करत असतो म्हणा. एरवी ही वाट अर्ध्या तासात संपते, त्या दिवशी वरून साहेब यायचे होते, ते आले नाहीत, मग दुसरे येणार म्हणाले, आणि आम्ही दुपार कलेपर्यंत बांधाआड उन्हात बसून राहिलो. चौबेजी म्हणाले, "आज तो सरकारी पिकनिक है, साहब." पाठीला ऊन, हातात बिही, काम करायला सक्त मनाई. लांब बोरीवर पोपट ओरडत होते. मी अनेकदा झोप येत नसली की त्या दुपारीत जातो. नोकरीतली माझी सर्वांत सुखाची दुपार ती. न उडालेल्या त्या गोळ्याचा मी मनातल्या मनात कृतज्ञ असायचो. आणि विनता सांगत होती की त्याच दुपारी, तेच ऊन तिच्या फरशीवरून सरकत भिंतीवर चढेपर्यंत, ती शोकेसच्या काचेवर तळवा ठेवून उभी होती. काच थंडगार. सकाळी एक-दोन आवाज झाले आणि मग बंद. बंद म्हणजे एकदम बंद. रांगेतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या, एकमेकींना काही न विचारता पुन्हा आत गेल्या. फोन कोणाकडे नव्हता. शाळेला सुट्टी होती. मैत्रेयीने विचारलं, आज बाबांची सुट्टी आहे का, आणि विनता म्हणाली, हो, तिथल्या तिथे सुट्टी आहे. दोघींनी काही खाल्लं नाही. मग दिवस उतरू लागला तशी, पोरगी भुकेली राहील म्हणून विनताने काचेवरचा हात काढला आणि स्टो पेटवायला गेली. तेवढ्यात काच वाजली. मागून धम्म. हत्ती पडला, सोंड तुटली. आमचा गोळा तेव्हा कुठे उडाला होता.

"आणि मी हसत सुटले," विनता म्हणाली. "पोरगी घाबरली. तिला वाटलं, आई वेडी झाली का काय."

मला त्या संध्याकाळचं घर आठवलं. मी स्कूटर लावली, पायऱ्या चढलो, हातात चौबेजींनी दिलेल्या उरलेल्या बिही. विनताने शिरा केला होता. शिऱ्याचं कारण काय म्हणून मी विचारलं तर म्हणाली, सहज. हत्ती कसा तुटला विचारलं तर म्हणाली, पडला. मी सोंड डिंकाने चिकटवून पाहिली, ती धरेना, मग ती एका वाटीत ठेवून दिली. जेवताना मी दोघींना माझ्या पिकनिकची हकीकत रंगवून सांगितली. दोघी ऐकत होत्या. मैत्रेयी बिही खात होती, आणि तिने माझ्याकडे फार टक लावून पाहिलं असं मला आता वाटतं. पण आता काय, आता मला बरंच काही वाटू शकतं.

मी संगणक सुरू केला. विनता पदराला हात पुसून शेजारी स्टुलावर येऊन बसली. त्या टेबलाशी ती पहिल्यांदाच बसत होती, आणि बसल्याबरोबर म्हणाली की पडद्यावर धूळ आहे. पहिला टप्पा गेला. दुसऱ्यात मी हात भराभरा फिरवू लागलो तर ती म्हणाली, सगळं कशाला धरायला धावून राहिले, आरसा वाजू द्या, त्याला काही होत नाही. मी आरसा वाजू दिला. खरंच काही झालं नाही. मग तिसरा टप्पा आला आणि खोली गप्प झाली. उन्हाचा तुकडा फरशीवर. आवाज नाही. मागच्या वेळी मी इथे बटणं दाबत सुटलो होतो, टेबलावर मूठ आपटली होती, संगणकाच्या मागची वायर हलवून पाहिली होती. न उडालेल्या गोळ्यापुढे गुमान बसण्याचं शिक्षण ज्याने सरकारकडून घेतलं आणि नवीन पोरांना दिलं, त्याला मुलीच्या खेळात चहा निवेपर्यंतही धीर धरवला नव्हता. या वेळी मी विचारलं, आता काय करायचं? विनता म्हणाली, "काही नाही. काचेवर हात ठेवा अन् ठेवूनच राहा."

मी ठेवला. पडद्यावर बांगडी घातलेला हात, माझ्या हातात संगणकाचा तो उंदीर. बाहेर आमच्या राइट टाउनमध्ये शाळा सुटल्या असाव्यात, रिक्षांचे आवाज येत होते, ते हळूहळू ऐकू येईनासे झाले. खोलीतलं ऊन सरकत होतं. ते सरकतं हे मागच्या वेळी मला दिसलंच नव्हतं. बोट आखडलं. मला वाटलं आता झालं असेल, मी विनताकडे पाहिलं, तर ती पडद्याकडे बघत नव्हती, आमच्या भिंतीकडे बघत होती, आणि तिचा उजवा तळवा टेबलाच्या काचेवर सपाट टेकलेला होता. मला वाटतं तिला ते कळत नव्हतं. मी माझा डावा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. शेजारीच, वर ठेवला असता तर ती म्हणाली असती, काय करून राहिले. काच थंड होती. मी आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली आहे, पण या बाजूने कधी पाहिली नव्हती. या बाजूला बिही नसते. पोपट ओरडत नाहीत. नुसतं आपलं काळीज असतं आणि ते कोणत्याही मापात बसत नाही. मग ऊन भिंतीवर चढलं आणि पडद्यावरचा हात आपोआप काचेवरून निघाला, मी न हलवता, आणि बाजूला कुठेतरी गेला. माझ्या तोंडून 'अगं नको' असं निघून गेलं. काच वाजली. आणि धम्म. आवाजाची पेटी मी म्हातारपणामुळे पूर्ण मोठी ठेवतो, टेबल हललं, पेनं लवंडली, पडद्यावर हत्ती पडला. एक बाई हसली. कोण ते दिसत नाही. मग संध्याकाळ, आणि लांबून एक स्कूटर येते, फाटकाची कडी वाजते, आणि खेळ संपतो. माणूस आत येत नाही.

शेवटी नावं आली. इन्स्पेक्टरने सगळी नावं वाचायची असतात. मैत्रेयी, चिन्मयी, हसण्याचा आवाज: आई. माझं कुठे नव्हतं. ते बरोबरच होतं. बनवणाऱ्यांच्या कागदावर तपासणाऱ्याचं नाव येऊ नये. मी डोळे पुसले आणि विनताला विचारलं, हसणं कधी दिलंस? ती म्हणाली, फोनवर, तुम्ही पेन्शनच्या ऑफिसला गेले होते तेव्हा. पोरगी म्हणे, आई, त्या दिवशीसारखं हस, अन् मला हसूच येईना. मग तुमचा घोड्याचा अहवाल वाचून दाखवला तिने.

एकदा मारलेला शिक्का पुसता येत नाही, पण फेरतपासणी करता येते. तशी तरतूद आहे. मी लिहायला बसलो. पुष्कळ वाक्यं आली, सकाळच्या दाढीसारखी गुळगुळीत, सगळी खोडली. शेवटी लिहिलं: 'फेरतपासणी. निरीक्षण एक: तो हत्ती आहे. निरीक्षण दोन: क्रम बरोबर आहे. निरीक्षण तीन: खेळ बंद पडत नाही. वाट पाहावी लागते. दोष तपासणाऱ्याचा. या नमुन्याच्या निर्मात्यांपैकी एकीशी तपासणाऱ्याचे नाते असल्याचे नंतर उघडकीस आले आहे, तरी वाचकांनी ते लक्षात घेऊन स्वतः खात्री करावी. लॉट स्वीकारला. आभारी आहे.' आमच्या छापील अहवालात आभाराला जागा नसते. मी पहिल्यांदाच ती केली. अंगठा वर केला आणि पाठवलं. थोड्याच वेळात ब्राझीलमधून कोणीतरी विनोदीचं बटण दाबलं. मग त्याने ते काढून घेतल्याचंही दिसलं, आणि खाली लिहिलं की त्याने खेळ घेतला आहे, आईजवळ बसून खेळेल. एवढ्याने फळी हलते की नाही मला कळत नाही. पण लॉटमधला एक तरी उडाला.

दुपार कलली तेव्हा मैत्रेयीचा फोन आला. मी उभा राहून घेतला. तिला काय सांगायचं ते मी मनाशी नीट लावून ठेवलं होतं: त्या दुपारच्या दोन बाजूंबद्दल, नाव झाकून पाठवण्यातल्या इभ्रतीबद्दल, आणि हेही की नोकरीत मी जे जे पास केलं ते सगळं फुटून गेलं, हे एकच राहिलं आहे. मी घसा साफ केला. तिने विचारलं, बाबा, पूर्ण खेळले ना? मी म्हटलं, हो. वाट पाहिली? मी म्हटलं, आईने पाहायला लावली. मग ती काही बोलली नाही आणि मीही नाही. दोघांच्या मध्ये तो गप्पपणा होता, बरा मोठा, पण मला आता त्याची भीती नव्हती. फोन कानाला लावून मी थांबलो, नियमाप्रमाणे. अखेर तिने नाक ओढलं.

"बाबा," ती म्हणाली, "खेळताना आवाज थोडा कम ठेवा ना. खालच्या अंजनी दीदींचा फोन आला होता. तुम्हाला बोलायला त्यांना कसंतरी वाटते. त्यांच्या किचनमधल्या काचा वाजून राहिल्या म्हणे."